एक पेला रस, पाऊण पेला साखर : फळांचे माप वजनात कसे आणावे?

अंत्रुजवासी (फोंडा)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मुसराद आंब्यांचे मांगाड, म्हणजे साखर घालून आटवलेला आंब्याचा रस, केले जाते. आईच्या वहीत त्याची कृती एका ओळीची आहे : ‘एक पेला रस, पाऊण पेला साखर, कढईच्या कडा सुटेपर्यंत आटवणे.’ पेला कोणता, हे लिहून ठेवण्याची तिला गरज वाटली नसावी, कारण आमच्या स्वयंपाकघरात मापाचा पेला एकच होता.

माझी भाची लिस्बनला राहते. तिच्याकडे तो पेला नाही, वजनकाटा मात्र आहे. मी दूरध्वनीवर तिला कृती वाचून दाखवली आणि तिने एक किलो रसाला पाऊण किलो साखर घेतली. मांगाड इतके गोड झाले की तिच्या मुलांनीही ते बाजूला सारले. चूक कोठे झाली हे मला समजत नाही, कारण प्रमाण तर तिने तेच ठेवले होते.

माझे दोन प्रश्न आहेत. पेल्याचे प्रमाण वजनात कसे आणावे? आणि दुसरा प्रश्न माझ्याच सोयीचा : बाजारात आंबे डझनावर मिळतात, वहीत रस पेल्याने सांगितला आहे, तेव्हा दोन किलो रस हवा असेल तर किती आंबे आणावेत?

तिखटमीठ (म्हापसा)

भाचीला पेला पाठवून द्या. टपालखर्च साखरेपेक्षा अधिक होईल, पण प्रश्न सुटेल.

साळावली (सांगे)

तिखटमीठ यांनी विनोद केला असला तरी त्यात तथ्य आहे. रस आणि साखर या दोन्ही गोष्टी एकाच भांड्याने मोजल्या तर ते भांडे लहान आहे की मोठे, याने काहीच फरक पडत नाही. भाचीने घरातला कोणताही कप घ्यावा. आपल्या आया आणि आज्या काट्यावाचून उत्तम मोरांबे करीत होत्या, आणि वजनकाटा आल्यापासून आपण जरा अधिकच गोंधळलो आहोत, असे माझे मत आहे.

निवृत्त मास्तर (मडगाव)

साळावली यांचे पहिले विधान बरोबर आहे. चूक नेमकी कोठे झाली ते मात्र त्यातून कळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी अनेक वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे लांबण लागली तर क्षमा असावी.

भाचीने ‘पाऊण’ हा शब्द पेल्यावरून उचलला आणि तसाच काट्यावर ठेवला. हे तेव्हाच चालले असते, जेव्हा रस आणि साखर यांची घनता एकच असती. २४० मिलिलिटरचा मापाचा कप घ्या. त्यात पाणी भरले तर ते २४० ग्रॅम भरते. आंब्याचा रस पाण्याहून किंचित जड असतो, कारण त्यात साखर विरघळलेली असते, म्हणून तोच कप रसाने भरला तर साधारण २५० ग्रॅम भरतो. साखर मात्र दाणेदार असल्यामुळे दाण्यांच्या मध्ये हवा राहते आणि कपभर साखर सुमारे २०० ग्रॅमच भरते.

आता वहीतले प्रमाण पाहू. एक कप रस म्हणजे २५० ग्रॅम आणि पाऊण कप साखर म्हणजे १५० ग्रॅम. याच हिशेबाने एक किलो रसाला ६०० ग्रॅम साखर लागते. भाचीने ७५० ग्रॅम घातली, म्हणजे तुमच्या आईच्या प्रमाणापेक्षा बरोबर सव्वापट. मुलांनी ताटली बाजूला सारली यात नवल नाही.

फळांच्या बाबतीत हाच घोटाळा आणखी वाढतो, कारण तेच फळ कसे चिरले आहे यावर कपातले वजन बदलते. आंब्याच्या फोडी कपात १६५ ग्रॅमच्या आसपास बसतात, म्हणजे कपाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग रिकामाच राहतो. केळ्याच्या चकत्या कपभर घेतल्या तर त्या १५० ग्रॅम भरतात, आणि तीच केळी कुस्करली तर कपात २२५ ग्रॅम मावतात. म्हणून कृतीत ‘दोन कप केळी’ एवढेच लिहिलेले असेल तर लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की ती चिरलेली की कुस्करलेली.

अंत्रुजवासी (फोंडा)

मास्तर, मनापासून आभार. आकडेमोड इतकी सोपी असेल असे वाटले नव्हते. ६०० ग्रॅम हा आकडा भाचीला आत्ताच कळवते.

कुळागरवाला (केपे)

मास्तरांच्या गणिताला माझा आक्षेप नाही, परंतु फळ हे प्रयोगशाळेतले पाणी नव्हे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो माझ्या रोजच्या व्यवहारातला आहे.

आमच्याकडे मानकुराद, मुसराद, हिलारियो आणि फेर्नांदिन अशी झाडे आहेत. एकाच झाडाचे दोन आंबे सारख्या वजनाचे निघत नाहीत, आणि हंगामाच्या सुरुवातीचे फळ व पावसाच्या तोंडावरचे फळ यांच्या रसातही फरक असतो. मानकुराद आपण कापून खातो, त्याचे मांगाड करणे म्हणजे जरीच्या शालूची पिशवी शिवण्यासारखे आहे. मुसरादचा गर घट्ट आणि भरपूर असतो, म्हणून आटवण्यासाठी पूर्वीपासून त्यालाच पसंती आहे.

डझनावर विसंबून राहिलात तर हिशेब कधीही जुळणार नाही. आंबे घरी आणल्यावर सालीसकट वजन करावे आणि मुसराद असेल तर त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक रस हाती येईल असे धरून चालावे. कोय, साल आणि चाळणीवर राहणारा चोथा मिळून उरलेला भाग जातो. प्रथमच करीत असाल तर तीनच आंब्यांचा रस काढून पाहा आणि त्यावरून बाकीचा अंदाज बांधा. दुसऱ्याच्या घरचा आकडा तुमच्या आंब्याला लागू पडेलच असे नाही.

पाट्यावरवंटा (डिचोली)

माझ्या सासूबाईंना मी एकदा विचारले होते की आमटीत बिंबले किती घालायची. त्या म्हणाल्या, ‘आंबट होईल इतकी.’ त्यानंतर मी वजनकाटा विकत घेतला. मात्र बिंबलांच्या बाबतीत त्यांचेच उत्तर योग्य आहे, असे आता मलाही वाटते, कारण एका झाडाची दहा बिंबले आणि दुसऱ्या झाडाची दहा बिंबले यांच्या आंबटपणात पुष्कळ अंतर असते आणि ते अंतर काटा दाखवीत नाही.

जुनी वही (पेडणे)

वजन आणि आकारमान यांची गल्लत कपांबरोबर परदेशातून आली असा समज दिसतो, पण ती आपल्याच भाषेत मुरलेली आहे. ‘शेर’ हा शब्द पाहा. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. धान्य मोजण्याचा शेर मात्र भांड्याचा होता : चार चिपटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. गोव्यात तांदूळ आणि भात पडीने व कुडवाने मोजले जाई, आणि तेही भांड्याचेच माप.

याचा परिणाम असा की जुन्या वहीत ‘पावशेर’ दिसले तर ते काट्यावरचे की भांड्यातले, हे त्या पदार्थावरून ओळखावे लागते. माझ्या आजीच्या वहीत ‘पावशेर गूळ’ आणि ‘पावशेर पोहे’ हे दोन्ही शब्द एकाच कृतीत शेजारी शेजारी आहेत. गूळ ती वाण्याकडून तोलून आणीत असे, म्हणजे तो २३३ ग्रॅम. पोहे घरातल्या मापाने घेत असे. मी पहिल्या वेळी दोन्ही काट्यावर घेतले आणि गोडे पोहे नव्हे, तर पोह्यांचा लाडूच झाला. देशात दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी वह्यांमधली भाषा त्यानंतरही बराच काळ शेराचीच राहिली.

साळावली (सांगे)

जुनी वही यांचा अनुभव माझ्याच बाजूचा आहे. वजन केले नसते तर पोहे बिघडले नसते.

जुनी वही (पेडणे)

आजीने माप वापरले नसते तरीही बिघडले नसते, फक्त लिहून ठेवायला हवे होते की कोणते.

बेकरीवाली (पणजी)

मी केक आणि गोड पदार्थ करून विकते, त्यामुळे ‘कोणताही कप चालेल’ या विधानावर मला थोडे लिहावेसे वाटते. कृतीतले सगळेच पदार्थ कपाने मोजलेले असतील तर साळावली यांचे म्हणणे खरे ठरते. पण बहुतेक कृतींमध्ये दोन कप गर, तीन अंडी आणि शंभर ग्रॅम लोणी अशी सरमिसळ असते. तेथे कप बदलला की प्रमाण बिघडते. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० मिलिलिटरचा, आणि आपल्या घरातला चहाचा कप यांपैकी कशाशीही बांधलेला नसतो. मोठा चमचा इतरत्र १५ मिलिलिटरचा असतो, तर ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा. लिंबाच्या रसाचे तीन चमचे लिहिलेले असले तर ४५ की ६० मिलिलिटर, हा फरक जिभेला लगेच कळतो.

मी फळ नेहमी साल आणि बिया काढून, चिरून किंवा कुस्करून झाल्यावर तोलते, आणि वहीत तसे लिहिते : ‘कुस्करलेले केळे २२५ ग्रॅम.’ सालीसकट वजन लिहिले तर केळ्याच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा कचऱ्यात जातो. मयड्याची मोठी केळी घेतली तर नगाचा हिशेब पूर्णच कोलमडतो. एका ग्राहक बाईंनी माझ्या ‘तीन केळी’ या कृतीत मयड्याची तीन केळी घातली होती, आणि केक भाजून झाला तरी आतून हलव्यासारखाच राहिला. त्या दिवसापासून मी नग लिहिणे बंद केले.

मास्तरांना एक प्रश्न विचारायचा आहे. मिक्सरमधून काढलेला आंब्याचा रस आणि चाळणीवर घासलेला रस यांचे कपातले वजन मला वेगवेगळे मिळते. माझे मोजण्यात चुकते का?

निवृत्त मास्तर (मडगाव)

तुमचे काहीही चुकत नाही. मिक्सरच्या पात्यांमुळे रसात हवा घुसते आणि तो फेसाळतो, म्हणून तोच कप हलका भरतो. तासभर झाकून ठेवल्यावर फेस बसेल आणि कपभर रसाचे वजन पुन्हा वाढलेले दिसेल. वजनाने मोजणाऱ्याला या फेसाची चिंता करण्याचे कारण नाही, कारण हवेचे वजन नगण्य आहे.

भिरंडसोल (काणकोण)

आंब्यात पाऊण आणि सव्वा यांचा फरक पडला, भिरंडात, म्हणजे कोकमाच्या फळात, तर त्याहून मोठा अनर्थ होतो. आमच्याकडे अमृतकोकमासाठी ताज्या भिरंडाच्या साली आणि साखर यांचे थर बरणीत घालून उन्हात ठेवतात. आमचे घरचे प्रमाण साल एक भाग आणि साखर दोन भाग, आणि ते वजनाचे आहे. एका नातेवाईक बाईंनी ते वाटीने मोजले. भिरंडाच्या साली वाटीसारख्याच पोकळ असतात, एकात एक बसत नाहीत, त्यामुळे माझ्या काट्यावर कपभर साली ११० ग्रॅमच भरतात. दोन कप साखर मात्र ४०० ग्रॅम. म्हणजे दुपटीऐवजी साखर साडेतीनपटीहून अधिक झाली, आणि दोन आठवड्यांनंतरही बरणीच्या तळाशी साखरेचा न विरघळलेला थर तसाच होता.

सुकलेल्या सोलांचे तर बोलायलाच नको. मीठ चोळून सुकवलेले सोल आणि ओली साल यांच्यात वजनाचा काही संबंधच उरत नाही. तेथे मी नगच मोजते, आणि त्याबद्दल मला लाज वाटत नाही.

तिखटमीठ (म्हापसा)

नारळ या चर्चेत बसतो का? तो फळ आहे की नाही यावरून आमच्या घरी रात्री वाद झाला.

बेकरीवाली (पणजी)

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने नारळ आणि आंबा ही दोन्ही कोय असलेल्या एकाच प्रकारची फळे आहेत, त्यामुळे तो हक्काने बसतो. खोवलेला ताजा नारळ कपात सैल भरला तर ८० ग्रॅमच्या आसपास असतो. तोच बोटांनी दाबून भरा आणि पुन्हा तोला, म्हणजे कपावर विश्वास का ठेवू नये हे एका मिनिटात पटेल.

कुळागरवाला (केपे)

अंत्रुजवासी ताई, एक शंका आहे. भाचीने लिस्बनमध्ये मुसराद आंबे कोठून मिळवले?

अंत्रुजवासी (फोंडा)

मुसराद कोठले मिळणार! तिने डब्यातला हापूसचा रस वापरला, असे आता विचारल्यावर सांगते. ८५० ग्रॅमचा डबा असतो, आणि वर थोडा आणखी एका डब्यातला घेऊन तिने किलो पुरा केला होता.

निवृत्त मास्तर (मडगाव)

मग निम्मे कोडे येथेच सुटले. डब्यातल्या रसात बहुधा वरून साखर घातलेली असते. डब्यावर दर १०० ग्रॅममागे साखर किती, हे छापलेले असते. ताज्या आंब्यात ती साधारण १४ ग्रॅम असते, म्हणून छापील आकड्यातून १४ वजा करावे आणि उरेल तेवढी साखर दर १०० ग्रॅममागे कमी घालावी. म्हणजे तिच्या मांगाडात साखर दोन वाटांनी वाढली : एकदा पेल्यावरून काट्यावर येताना आणि एकदा डब्यातून.

आता शेवटच्या टप्प्याविषयी. ‘कढईच्या कडा सुटेपर्यंत’ ही खूण अनुभवी हाताला पुरेशी आहे, पण नवख्या माणसाला वजन अधिक मदत करील. आटवताना फक्त पाणी उडून जाते, साखर आणि फळातला घन भाग कढईतच राहतो. एक किलो ताज्या रसात सुमारे १५० ग्रॅम घन भाग धरला आणि त्यात ६०० ग्रॅम साखर घातली, तर ७५० ग्रॅम घन भाग झाला. जॅमसाठी शंभरात किमान ६५ भाग घन असावा असा आपल्याकडे नियम आहे. वडी पडेल इतके घट्ट मांगाड हवे असेल तर तो ७५ च्या आसपास न्यावा लागतो. ७५० ग्रॅम हे ७५ टक्के होण्यासाठी कढईत एकूण एक किलो उरले पाहिजे.

म्हणजे तुमच्या आईच्या प्रमाणात मांगाडाचे वजन रसाच्या मूळ वजनाइतके झाले की ते तयार झाले. रिकामी कढई आधी तोलून ठेवावी आणि शेवटी शेवटी कढईसकट वजन करून पाहावे. गरम साखर अंगावर उडते, तेव्हा कढई उचलताना जपावे.

साळावली (सांगे)

मी वजनकाट्याच्या विरुद्ध येथे दोन वेळा लिहिले आहे, तरी हा कढई तोलण्याचा उपाय मला आवडला. आमचे पेराद दर वर्षी एकदा चिवट आणि एकदा पातळ होते, आणि दोष पेरूंवर जातो. पेराद करताना मात्र गराइतकीच साखर घेतो, आणि ती वाटीने. आता या हिशेबाने पाहिले तर गराच्या वजनाच्या चार पंचमांश साखर आम्ही घालत आलो आहोत, आणि सगळ्यांना ‘समभाग’ असे सांगत आलो आहोत. शेजारच्या बाईंनी माझ्या सांगण्यावरून दोन्ही जिन्नस तोलून समान घेतले होते आणि त्या मला काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

पाट्यावरवंटा (डिचोली)

त्या बोलल्या नाहीत, पण त्यांनी पुन्हा पेराद मागितलेही नसेल.

साळावली (सांगे)

नाही मागितले.

अंत्रुजवासी (फोंडा)

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण आंबे पिकण्याची वाट पाहावी लागली.

एक डझन मुसराद आणले. सालीसकट ते ३ किलो १५० ग्रॅम भरले. चाळणीवर घासून रस निघाला १ किलो ७०० ग्रॅम, म्हणजे कुळागरवाला यांनी सांगितल्याप्रमाणे निम्म्याहून थोडा अधिक. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले : याच आकाराची फळे असतील तर दोन किलो रसाला चौदा आंबे आणीन. साखर मी १ किलो २० ग्रॅम घेतली आणि कढईसकट तोलत तोलत १ किलो ७०० ग्रॅमवर विस्तव बंद केला. त्याच वेळी कडाही सुटल्या. थाळीत ओतले, दुसऱ्या दिवशी वड्या पाडल्या. चव आईच्या हातची आहे असे भाऊ म्हणाला, आणि तो सहसा काही म्हणत नाही.

मावशीकडे शोधल्यावर तो पेलाही मिळाला. पितळेचा आहे आणि एका बाजूने चेपलेला आहे. पाण्याने भरून तोलला तर १९० ग्रॅम पाणी मावते. वहीत त्या ओळीखाली आकडे लिहून ठेवले.

भाचीने एकच डबा घेतला. त्यावर १०० ग्रॅममागे २० ग्रॅम साखर छापलेली होती, म्हणून ५१० ग्रॅमऐवजी तिने ४६० ग्रॅम घातली आणि ८६० ग्रॅम उरेपर्यंत आटवले. नंतर तिने ते धुतलेल्या त्याच डब्यात भरले आणि मला छायाचित्र पाठवून विचारले की वजन दहा ग्रॅमने वाढले असताना डबा वरून रिकामा कसा राहिला. मी तिला म्हटले, मास्तरांना विचारून सांगते.

निवृत्त मास्तर (मडगाव)

पाणी गेले आणि त्या जागी साखर आली, म्हणून तेच वजन कमी जागेत मावले. डबा पाऊण भागाहून थोडा वर भरला असेल, असा माझा अंदाज आहे. तिने पट्टी लावून मोजले तर येथे अवश्य कळवावे.